ठरले एक, बसविले दुसरे : घरातील कपाटांचे वाद आणि त्यांची सोडवणूक

‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण मराठवाड्यात फार जुनी आहे. कापूस आणि बियाणे यांच्या व्यापाराने नावारूपाला आलेल्या या गावाला पुढे लोखंडाच्या सळ्यांच्या कारखान्यांनी नवी ओळख दिली. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०२३ मध्ये जालना शहराला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. शहराच्या चहूबाजूंनी वसाहती उभ्या राहिल्या. अंबड, परतूर, भोकरदन यांसारख्या तालुक्याच्या गावीही जुन्या माळवदांच्या जागी सिमेंटची घरे आली. घर बदलले तसे घरातील लाकूडकामही बदलले आणि त्याबरोबर एक नवा तंटा घरोघरी ऐकू येऊ लागला. ठरले होते ते कपाट हे नव्हेच, असे घरमालक म्हणतो; जे ठरले तेच दिले, असे सुतार किंवा ठेकेदार म्हणतो.

पूर्वी हा तंटा सहसा उद्भवत नसे. घरमालक सागाच्या फळ्या स्वतः विकत घेई किंवा जुन्या वाड्याच्या तुळया चिरून घेई. सुतार अंगणात बसून रोजाने काम करी. लाकूड कोणते, त्याला गाठी किती, सांधा कसा घातला हे सर्व दोघांच्या डोळ्यांदेखत होई. आज स्वयंपाकघरातील ओट्याखालची कपाटे, शयनगृहातील भिंतभर उंचीचे कपाट, दूरचित्रवाणी संचाची मांडणी हे सारे प्लायवुड, ब्लॉकबोर्ड, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड यांचे असते आणि त्यावर दोन्ही बाजूंनी लॅमिनेट, म्हणजे बोलीभाषेतील सनमायका, चिकटविलेला असतो. बाहेरून सर्व एकसारखे दिसते. आतला माल कोणता हे समजते ते बहुधा पहिल्या पावसाळ्यात, ओट्याखालची फळी फुगल्यावर.

समजा, अंबड येथील एका शिक्षकाने नव्या घरातील स्वयंपाकघराचे काम माल व मजुरीसह २ लाख ४० हजार रुपयांना दिले. बोलणे ‘पाण्यात न फुगणाऱ्या प्लायचे’ झाले. दरपत्रकावर मात्र ‘चांगल्या प्रतीचे मटेरियल’ एवढेच शब्द लिहिले गेले. भांडी धुण्याच्या बेसिनखालची कपाटे सहा महिन्यांत फुगली तर या शिक्षकाची बाजू खरी असूनही लंगडी राहते, कारण ‘चांगली प्रत’ या शब्दांना कायद्याच्या तराजूत वजन नाही. असे बहुतेक वाद बसविलेल्या कपाटापेक्षा न लिहिलेल्या कागदामुळेच चिघळतात.

विनिर्देश कसे लिहावेत

सार्वजनिक बांधकाम खाते कोणतेही काम देताना विनिर्देश ठरविते. कोणता माल, किती जाडीचा, कोणत्या मानकाचा, कसा बसवायचा आणि कसा मोजायचा याचे लेखी वर्णन म्हणजे विनिर्देश. काम होत असताना त्याची मापे मोजमाप पुस्तिकेत नोंदली जातात आणि त्या नोंदीवरच देयक निघते. घरमालकाने या पद्धतीतील एवढाच भाग उचलला तरी पुरेसे आहे. त्यासाठी वकिलाची गरज नाही. दोन पाने आणि दोन सह्या लागतात.

प्लायवुडसाठी भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत. सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडसाठी आयएस ३०३ आणि समुद्री म्हणजे मरीन प्लायवुडसाठी आयएस ७१०. आयएस ३०३ मध्ये दमटपणा सहन करणारी आणि उकळत्या पाण्यालाही टिकणारी अशा दोन प्रती बाजारात परिचित आहेत. पहिलीला एमआर आणि दुसरीला बीडब्ल्यूआर म्हणतात. मरीन प्लायची कसोटी याहून कडक असते. त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही डिंकाचे थर सुटता कामा नयेत. ब्लॉकबोर्डला आयएस १६५९, पार्टिकल बोर्डला आयएस ३०८७ आणि एमडीएफला आयएस १२४०६ ही मानके लागू आहेत. पार्टिकल बोर्ड वापरणे हा काही गुन्हा नव्हे. कोरड्या खोलीतील कपाटाला ते चालते आणि स्वस्तही पडते. प्लायचा दर घेऊन पार्टिकल बोर्ड बसविणे हा मात्र कराराचा भंग आहे.

म्हणून दरपत्रकात ‘ओट्याखालील पेट्या : आयएस ३०३, बीडब्ल्यूआर, १८ मि.मी.; मागची फळी : ६ मि.मी.; बाहेरील लॅमिनेट १ मि.मी.; आतील लॅमिनेट ०.८ मि.मी.’ अशी ओळ हवी. बिजागऱ्या, ड्रॉवरच्या सरकपट्ट्या आणि कुलपे यांची छाप व संख्या त्याच कागदावर लिहावी. ‘अथवा समकक्ष’ हे दोन शब्द ठेकेदारांच्या छापील कागदात हमखास असतात आणि पुढे सर्वांत जास्त भांडण त्यांवरूनच होते. ते शब्द काढता येत नसतील तर त्यांपुढे ‘घरमालकाच्या लेखी संमतीने’ एवढे जोडून घ्यावे.

प्लायवरील मानकचिन्ह आणि त्याखालील परवाना क्रमांक पूर्ण फळीवर छापलेले असतात. फळी कापली आणि तिच्यावर लॅमिनेट चिकटले की ही खूण कायमची झाकली जाते. तेव्हा माल घरी उतरला त्याच दिवशी, करवत लागण्यापूर्वी, त्या छाप्याची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. परवाना क्रमांक खरा की खोटा हे मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर पाहता येते.

सूत, मिलिमीटर आणि चौरस फूट

मापांचा वाद स्वतंत्र आहे आणि त्यात अनेकदा फसवणुकीपेक्षा भाषेचा घोळ अधिक असतो. सुतार आजही सुतात बोलतो. आठ सुतांचा एक इंच. ‘सहा सुती प्लाय’ म्हणजे हिशेबाने १९ मि.मी. झाले. दुकानात मिळते १८ किंवा १९ मि.मी.चे. ‘चार सुती’ म्हणजे जवळपास १२.७ मि.मी.; दुकानात मिळते १२ चे. आयएस ३०३ नुसार अशा जाडीत पाच टक्के कमीअधिक चालते. म्हणजे १८ मि.मी.ची फळी १७.१ भरली तरी ती मानकात बसते. १६ भरली तर बसत नाही. जाडी फूटपट्टीने मोजू नये. लॅमिनेटची जाडी वजा करून व्हर्निअर कॅलिपरने, उघड्या कडेवर, तीनचार ठिकाणी मोजावी.

याहून मोठा घोळ चौरस फुटाचा. कपाटाचा दर साधारणतः दर्शनी क्षेत्रफळावर, म्हणजे रुंदी गुणिले उंची असा, ठरतो. सहा फूट रुंद आणि सात फूट उंच कपाट या हिशेबाने ४२ चौरस फूट भरते. तेच कपाट दोन फूट खोल असेल आणि ठेकेदाराने दर्शनी बाजू, पाठ, दोन्ही कुशी, तळ व माथा असे सर्व पृष्ठभाग मोजले तर आकडा १३६ चौरस फुटांवर जातो. आतील फळ्या अजून धरल्याच नाहीत. दर तोच, देयक तिपटीहून अधिक! दोन्ही पद्धती बाजारात चालतात, म्हणून कोणती पद्धत धरली हे लिहिले नसेल तर दोघेही आपापल्या परीने खरे ठरतात. दर लिहिताना त्याशेजारीच मोजण्याची रीत लिहावी.

तिसरा प्रकार भिंतीचा. आराखड्यात भिंत सरळ असते. प्रत्यक्षात गिलावा कोठे फुगलेला तर कोठे ओळंब्याबाहेर असतो. आराखड्यावरून कारखान्यात तयार करून आणलेले कपाट अशा भिंतीत बसत नाही, मग कुशीला पट्ट्या मारल्या जातात किंवा दार तासले जाते. जागेवर प्रत्यक्ष माप घेण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेले असले तर उत्तर सोपे आहे. ज्याने माप घेतले त्याची चूक. ठेकेदाराने जागा पाहून माप घेतले असेल तर भिंत वाकडी होती हा बचाव त्याला मिळू नये. घरमालकाने नंतर फरशी किंवा गिलाव्याचा आणखी एक थर चढविला असेल तर दोष ठेकेदारावर ढकलता येणार नाही.

मराठवाड्याच्या हवामानाचीही येथे नोंद घ्यावी लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि हवा अत्यंत कोरडी असते. पावसाळ्यात तीच हवा दमट होते. प्लायमध्ये ५ ते १५ टक्के एवढा ओलावा मानकाला मान्य आहे. गिलावा वाळण्यापूर्वी कपाटे बसविली तर भिंतीतील पाणी फळीत उतरते आणि उत्तम प्रतीच्या मालाचेही दार वाकते. दार वाकले म्हणजे माल हलकाच होता, असा निष्कर्ष घाईने काढू नये. कोणाच्या आग्रहाने घाई झाली हेही पाहावे लागते.

दोष दिसल्यावर

आत कोणता माल आहे हे ओळखण्यास कपाट फोडण्याची गरज नसते. बिजागरीसाठी पाडलेले भोक, नळाच्या पाइपासाठी कापलेली जागा, पाठीमागची कड यांवर लॅमिनेट नसते. तेथे एकावर एक आडवेउभे थर दिसले तर प्लाय. दाबलेल्या भुशासारखे कण दिसले तर पार्टिकल बोर्ड. पुठ्ठ्यासारखा एकजीव तपकिरी माल दिसला तर एमडीएफ. अशा जागांची छायाचित्रे मोजपट्टी शेजारी ठेवून, तारखेसह घ्यावीत.

रागाच्या भरात कपाट उखडून टाकणे किंवा दुसऱ्या सुताराकडून लगेच दुरुस्त करून घेणे हे फार महागात पडते. पुरावा तेथेच नाहीसा होतो. उलट, कपाट वापरत राहून महिनोन्महिने काहीच न कळविणे हेही तितकेच नडते. दुकानातून तयार घेतलेल्या कपाटाला मालविक्री अधिनियम, १९३० लागू होतो. त्यातील कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. परंतु कलम ४२ प्रमाणे वाजवी कालावधीत नाकारल्याचे न कळविता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असे धरले जाते. स्वीकारलेल्या मालाबाबत बहुधा नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. म्हणून दोष दिसताच लेखी कळवावे, ठेकेदाराला समक्ष पाहणीस बोलवावे आणि दुरुस्तीसाठी तारीख द्यावी. भ्रमणध्वनीवरील संदेशही पुरावा ठरू शकतो. मात्र महत्त्वाचे पत्र पोचपावतीसह टपालाने पाठविलेले बरे. रक्कम मोठी असेल तर नोंदणीकृत अभियंता किंवा वास्तुविशारदाकडून पाहणी अहवाल घ्यावा. त्यात कोणते कलम ठरले, प्रत्यक्षात काय आढळले आणि बदलण्यास किती खर्च येईल हे तीन रकाने असले म्हणजे पुढचे काम निम्मे होते.

ग्राहक आयोगाकडे

ठेकेदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तेथे समजुतीने प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न होतो. आदेश देण्याचा अधिकार त्या व्यवस्थेला नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदही सल्लागार स्वरूपाचीच आहे. बंधनकारक निर्णय हवा असेल तर जालना येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये मालातील दोष आणि सेवेतील त्रुटी या दोहोंविरुद्ध दाद मागता येते. त्यामुळे प्लाय हलका निघाला हा मालाचा दोष की बसविणाऱ्याची त्रुटी, या काथ्याकुटात सामान्य माणसाला अडकावे लागत नाही. घरमालकाने प्लाय स्वतः दुकानातून आणला आणि सुताराने फक्त काम केले असेल तर मात्र दोघांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या होतात आणि शंका असल्यास दोघांनाही विरुद्ध पक्ष करणे शहाणपणाचे ठरते. रोजंदारीवर, मालकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली केलेल्या कामाबाबत अडचण येऊ शकते, कारण ‘वैयक्तिक सेवेचा करार’ कायद्याने वगळलेला आहे. सेवेचा करार आणि सेवेसाठीचा करार यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवेविषयीच्या व्ही. पी. शांता प्रकरणात स्पष्ट केला. अंगावर घेतलेला ठेका दुसऱ्या प्रकारात मोडतो.

मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे दाखल होते. ५ लाखांपर्यंत कोणतेही शुल्क नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली. कपाटे छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या व्यापाऱ्याकडून मागविली असली तरी मंठ्याच्या ग्राहकाला जालन्यातच दाद मागता येते, ही सोय फार मोलाची आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृति’ संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार करता येते.

नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाने ३० दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. आयोग फार तर १५ दिवस वाढवून देऊ शकतो. ही मर्यादा ओलांडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हिल्ली मल्टिपर्पज कोल्ड स्टोअरेजच्या प्रकरणात ठरविले. मालाचा दोष तपासणीशिवाय समजणारा नसेल तर आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवितो. त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते आणि अहवालासाठी साधारण ४५ दिवस धरलेले आहेत. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत आणि तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत लागावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. व्यवहारात यापेक्षा अधिक काळ लागतो हे गृहीत धरूनच पाऊल टाकावे. दोष काढून देणे, माल बदलून देणे, पैसे परत करणे आणि भरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. निर्णय न पटल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. आदेश न पाळणाऱ्यास कैदेची व दंडाची तरतूद आहे.

दुकान किंवा कारखान्याच्या कार्यालयासाठी केलेल्या फर्निचरला हे दार बहुधा बंद असते, कारण व्यापारी हेतूने घेतलेला माल वा सेवा या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी थाटलेले छोटे दुकान याला अपवाद आहे. इतरांना दिवाणी न्यायालयात भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागावी लागते. तेथे मुदत तीन वर्षांची आहे.

सदनिकेसोबत मिळालेली कपाटे

सदनिका किंवा रो-हाऊस विकत घेताना विकासकाने माहितीपत्रकात स्वयंपाकघराची कपाटे कबूल केली आणि प्रत्यक्षात हलकी बसविली, अशा वेळी ग्राहकाचा हात अधिक बळकट असतो. जाहीर केलेल्या नकाशात व विनिर्देशांत खरेदीदाराच्या संमतीवाचून बदल करू नये, हे तत्त्व महाराष्ट्राने १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यातच घालून दिले होते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ ने ते फिटिंग्ज व सुविधांच्या स्वरूपापर्यंत स्पष्टपणे नेले. याच कलमाप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा आहे. यासाठी महारेराकडे तक्रार करता येते. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नसते. तालुक्याच्या गावांतील लहान योजना अशा सवलतीत बसू शकतात. तेथे ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो. गृहनिर्माण ही ‘सेवा’ आहे यावर १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात शिक्कामोर्तब झाले आणि महारेरा व ग्राहक आयोग हे दोन्ही मार्ग ग्राहकाला उपलब्ध आहेत, हे नोव्हेंबर २०२० मध्ये इम्पीरिया स्ट्रक्चर्सच्या निकालाने निश्चित झाले. स्वतःचा जुना वाडा विकासकाला देऊन बदल्यात सदनिका घेणारा जमीनमालकही ग्राहक ठरू शकतो, असे २००८ च्या फकीरचंद गुलाटी प्रकरणात म्हटले आहे. जालन्याच्या जुन्या पेठांत ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सुताराची बाजू

या वादात दुसऱ्या बाजूला अनेकदा मोठी कंपनी नसून दोन कामगार हाताशी धरणारा मिस्त्री असतो. अर्धे काम झाल्यावर आराखडा बदलणे, लॅमिनेटचा रंग दोनदा फिरविणे, ‘एवढे आणखी करून टाक’ म्हणून वाढीव मांडणी फुकटात मागणे, या घरमालकांच्याही सवयी आहेत. असा प्रत्येक बदल त्याच दिवशी वहीत, वाढीव रकमेसह लिहून सही घेण्याचा हक्क सुताराला आहे आणि तो त्याने बजावावा. वरच्या उदाहरणातील शिक्षकाची केवळ दोन दारे बदलावी लागणार असतील आणि त्यांना १४ हजार रुपये लागणार असतील तर ९० हजारांचा हप्ता अडवून ठेवणे न्याय्य ठरत नाही. अडविलेली रक्कम दोषाच्या प्रमाणात असावी. थकलेल्या मजुरीसाठी सुताराला ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, कारण तो तेथे ग्राहक नसतो. मात्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. दोघेही राजी झाले तर तेथील निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, महिला आणि ठरावीक उत्पन्न मर्यादेतील नागरिक यांना प्राधिकरणाकडून विनामूल्य वकीलही मिळतो. त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.